तुलना कशाशी केली? पेपर वाचताना विचारायचा पहिला प्रश्न



पेटची तयारी करणारे किंवा नुकतेच सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण विचारतात, की क्लिनिकल ट्रायलचा पेपर हातात आला की सुरुवात कुठून करायची? आपली नेहमीची पद्धत ठरलेली असते. गोषवारा वाचायचा, पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आहे का बघायचं, असेल तर खूण करायची आणि पुढचा पेपर उघडायचा. वाशिंदहून सीएसएमटीला जाईपर्यंत लोकलमध्ये असे दहा गोषवारे सहज वाचून होतात. पण दहा गोषवारे वाचणं वेगळं आणि एक पेपर समजणं वेगळं.

माझं म्हणणं साधं आहे. "फायदा किती झाला?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न "तुलना कशाशी केली?" हा. औषध घेतलेले लोक बरे झाले, यातून फारसं काही कळत नाही. औषध न घेतलेल्यांचं काय झालं, आणि त्यांना त्या जागी काय दिलं होतं, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. आज आपल्या महाराष्ट्राशी संबंध असलेली वेगवेगळ्या क्षेत्रांतली संशोधनं या एकाच प्रश्नाने तपासू. यातली बहुतेक कामं मला महत्त्वाची वाटतात. म्हणूनच ती नीट तपासायला हवीत.

१. ऑपरेशनआधीचं इंजेक्शन

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२३ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'मध्ये आला. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन सुरू करण्याआधी ७ ते १० मिनिटं गाठीच्या भोवती लिडोकेन टोचायचं. आपल्याकडे दाताच्या दवाखान्यातही माहीत असलेलं लिग्नोकेन ते हेच. देशातल्या ११ केंद्रांत १६०० स्त्रियांना दोन गटांत विभागलं. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के.

आता हाच निकाल दोन तऱ्हांनी सांगता येतो. "मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी" (हॅझार्ड रेशो ०.७१) हेही खरं. "शंभर स्त्रियांमागे जवळपास चार जणी जास्त वाचल्या" हेही खरं. बातमीला पहिलं वाक्य आवडतं. तुम्ही दुसरं वाक्य स्वतः काढायला शिका, त्याला एक वजाबाकी पुरते. आणि इथे चार हा आकडा छोटा समजू नका. इतक्या स्वस्त, रोजच्या वापरातल्या औषधाने, अंगावर काही विपरीत परिणाम न होता शंभरात चार जणी वाचत असतील, तर ती फार मोठी गोष्ट आहे.

पण तुलना कशाशी? काहीच न टोचण्याशी. दुसऱ्या गटाला साधं सलाइनचं पाणीसुद्धा टोचलेलं नव्हतं. त्यामुळे फायदा लिडोकेनचा, की गाठीभोवती द्रव भरल्याने काही बदललं त्याचा, हे ही ट्रायल सांगू शकत नाही. लेखकांनी पेशींवरच्या परिणामाचं स्पष्टीकरण दिलं आहे आणि ते पटण्यासारखं आहे. तरी ते स्पष्टीकरण या ट्रायलने सिद्ध केलेलं नाही. इंजेक्शन कोणाला मिळालं हे सर्जनला माहीत होतं, हा दुसरा आक्षेप. तो मला तितका जड वाटत नाही, कारण मोजलेली गोष्ट मृत्यू आहे. सर्जनच्या मताने मृत्यूची नोंद बदलत नाही.

माझा निवाडा: उपचार म्हणून विश्वास ठेवण्याजोगं, कारण म्हणून अजून अपुरं. "काम करतं" आणि "का करतं" हे दोन वेगळे दावे आहेत, सिनॉप्सिसमध्येही ते वेगळे लिहा.

२. वीस मिलिग्रॅमची गोष्ट

दुसरा अभ्यासही टाटाचाच, त्याच नियतकालिकातला, त्याच वर्षीचा. डोक्याच्या व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध वापरतात. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमच्या घरात. तो आपल्याकडच्या फारच थोड्या रुग्णांना परवडतो. संशोधकांनी फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या केमोथेरपीला जोडून दिलं. १५१ रुग्ण होते. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या केमोथेरपीत १६.३ टक्के, तर निव्होलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के.

तंबाखू-मशेरीमुळे तोंडाचा कर्करोग झालेली माणसं ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना हा आकडा वाचून बरं वाटेल. मलाही वाटलं. तरीही विचारू, तुलना कशाशी? कमी डोसाची तुलना पूर्ण डोसाशी केलेली नाही, ती औषध अजिबात न देण्याशी केली आहे. म्हणून "२० मिलिग्रॅम हे २४० इतकंच चांगलं" असं कोणी म्हणालं, तर ते या पेपरमधून निघत नाही. निघतं ते एवढंच, की काहीच न मिळण्यापेक्षा २० मिलिग्रॅम पुष्कळ चांगलं.

मग ही ट्रायलची उणीव का? माझ्या मते नाही. ज्या रुग्णाला पूर्ण डोस मिळण्याची शक्यताच नाही, त्याच्यासाठी खरा पर्याय "कमी डोस की काहीच नाही" हाच आहे. संशोधकांनी आपल्या रुग्णाचा प्रश्न विचारला. परदेशी पाठ्यपुस्तकातला प्रश्न उचलला नाही. तुलनेचा गट निवडणं म्हणजे कोणाचा प्रश्न आपण सोडवतोय हे ठरवणं, हे इथे स्पष्ट दिसतं. मर्यादा सांगायची तर एकच केंद्र आणि लहान संख्या. अशा निकालाची पुन्हा दुसरीकडे तपासणी व्हायलाच हवी.

३. पन्नाशीच्या पुढच्या बायका

२०२१ साली 'बीएमजे'मध्ये डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांचा मुंबईतला वीस वर्षांचा अभ्यास आला. वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया, २० समूह. निम्म्या समूहांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, एकूण चार फेऱ्यांत, हाताने स्तनांची तपासणी करत. उरलेल्या समूहांत एकदा आरोग्यशिक्षण, आणि मग दर दोन वर्षांनी विचारपूस.

निकाल काय? तपासणीच्या गटात पुढच्या टप्प्यावर गेलेले कर्करोग ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. म्हणजे रोग लवकर सापडला. मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण कॉन्फिडन्स इंटर्व्हल ०.७१ ते १.०१. म्हणजे हा फरक योगायोगाचाही असू शकतो. मग पुढे वयाप्रमाणे गट पाडले, तेव्हा ५० च्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आणि पी-व्हॅल्यूही हवी तशी.

इथे थांबा. वयाचं हे विश्लेषण "पोस्ट हॉक" आहे असं गोषवाऱ्यातच प्रामाणिकपणे लिहिलंय. म्हणजे ते आकडे हातात आल्यानंतर केलेलं आहे. भात झोडून झाल्यावर ढिगातली भरलेली लोंबी उचलून "यंदा पीक असं आलं" म्हणण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. वय, शिक्षण, वस्ती, मुलांची संख्या, असे गट पाडत गेलं तर कुठेतरी ०.०५ सापडणारच. अर्थात वयाचा मुद्दा हवेतला नाही. मॅमोग्राफीच्या अभ्यासांतही पन्नाशीनंतर फायदा जास्त स्पष्ट दिसतो. म्हणून मी हा निकाल फेटाळत नाही. पण त्याचा दर्जा पुराव्याचा नाही, चांगल्या गृहीतकाचा आहे. निष्कर्षाच्या वाक्यात ३० टक्क्यांना जी जागा मिळाली, ती थोडी जास्त झाली असं माझं मत.

तुलनेच्या गटाबद्दलही एक गोष्ट. दर दोन वर्षांनी कोणीतरी दारात येऊन "काही त्रास आहे का" विचारतं, तेव्हा ती बाई मुंबईतली सर्वसाधारण बाई राहत नाही. ती थोडी जागी होते. यामुळे दोन गटांतला फरक खरा आहे त्यापेक्षा कमी दिसलेला असू शकतो. पक्षपात नेहमी निकाल फुगवतोच असं नाही, कधी तो दाबतोही.

४. ज्यांना काहीच मिळालं नाही

आता अवघड भाग. याच मुंबईच्या अभ्यासात त्याच स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही तपासणी झाली. अॅसेटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावून डोळ्यांनी बघण्याची साधी पद्धत. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला निकाल: या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. त्याआधी २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या धाराशिवचा, अभ्यास आला होता. तिथे १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, चाचणी न केलेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. मात्र अॅसेटिक अॅसिडच्या पद्धतीने तिथे मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही.

एकच चाचणी, एका ठिकाणी फायदा, दुसऱ्या ठिकाणी नाही. परीक्षेत विचारावा असा हा प्रश्न आहे. उस्मानाबादला एकच फेरी झाली, मुंबईत दर दोन वर्षांनी चार फेऱ्या. शिवाय मुंबईत तपासणीच्या गटातल्या ज्या स्त्रियांना कर्करोग निघाला, त्यांच्यापैकी ८६.३ टक्के जणींनी उपचार पूर्ण केले, दुसऱ्या गटात ७२.३ टक्के. म्हणजे मृत्यू कमी होण्यात नुसत्या चाचणीचा वाटा किती आणि पाठपुरावा करणाऱ्या बाईचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मला तर वाटतं, तिथे चाचणीइतकंच काम त्या आरोग्यसेविकेने केलं.

पण या अभ्यासांवरची सगळ्यात कडक टीका आकड्यांवर नाही. तुलनेच्या गटातल्या हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षं तपासणीच केली नाही, याला काय म्हणायचं? एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी हा प्रश्न उचलून धरला, अमेरिकेच्या सरकारी कार्यालयापर्यंत तक्रार नेली. तिकडे पॅप स्मिअरचा उपयोग अनेक दशकं माहीत होता. संशोधकांचं उत्तर होतं, की भारतात या स्त्रियांना प्रत्यक्षात कुठलीच तपासणी मिळत नव्हती, तेव्हा इथली रूढ सेवा तीच.

दोन्ही बाजू नीट वाचा. माझं मत असं. निव्होलुमॅबच्या ट्रायलमध्ये "इथे काय मिळतं" हा निकष मला चालला, मग इथे का चालू नये? कारण तिथे पूर्ण डोस देणं संशोधकांच्याही आवाक्याबाहेरचं होतं. इथे स्वस्त चाचणी त्यांच्या हातात होती, आरोग्यसेविका दारापर्यंत जात होती. ज्या गोष्टीचा उपयोग होईल असा भक्कम अंदाज आहे आणि जी देणं आपल्याला शक्य आहे, ती इतकी वर्षं अडवून ठेवायची तर कारण फार मोठं लागतं. थोडी उशिरा देण्याची योजना, म्हणजे टप्प्याटप्प्याने सगळ्या समूहांना सामावून घेणारा आराखडा, करता आला असता.

आणि दुखतं ते पुढे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या होत्या १.९ टक्के. पुरावा आपल्या बायकांनी दिला, उपयोग अजून त्यांच्यापर्यंत यायचाय.

५. विंचू आणि प्लाझ्मा

तुलनेचा गट नीट कसा ठरवावा याचं उदाहरण महाडला सापडतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी २०११ साली 'बीएमजे'मध्ये कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावरची ट्रायल प्रसिद्ध केली. ७० रुग्ण. दोन्ही गटांना प्राझोसिन, कारण ते न देणं म्हणजे जिवाशी खेळ. एका गटाला त्याशिवाय विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८.

उत्तम प्रश्न, छोटी ट्रायल, मोठा फरक. मर्यादाही बघा. कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं, आणि घाम, गार हातपाय थांबले की नाही हे बघून बरं झाल्याचं ठरत होतं. लिडोकेनच्या ट्रायलमध्ये जो आक्षेप हलका होता, तोच इथे जड होतो, कारण मोजण्याची गोष्ट बदलली. हृदय किंवा श्वसन आधीच बिघडलेले रुग्ण घेतले नव्हते. तब्येत आणखी खालावण्यात दोन गटांत फरक नव्हता. म्हणून "प्रतिविषाने जीव वाचतो" असं यावरून म्हणू नका. "लवकर बरं वाटतं" असं म्हणा. ग्रामीण रुग्णालयातल्या भरलेल्या खाटा आठवा, तेही कमी नाही.

आणि तुलना न करता घाई केली तर काय होतं? कोविडमधला प्लाझ्मा आठवा. जून २०२० मध्ये राज्य सरकारने 'प्लॅटिना' नावाचा मोठा प्रकल्प जाहीर केला. आयसीएमआरची 'प्लॅसिड' ट्रायल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आली: ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८ टक्के. दात्यांच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं देण्याआधी मोजलेली नव्हती, हा आक्षेप रास्त होता. पण ब्रिटनच्या 'रिकव्हरी' ट्रायलने भरपूर प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा ११,५५८ रुग्णांत तपासला, तिथेही दोन्ही गटांत मृत्यू २४ टक्केच. आपल्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये. मधल्या दुसऱ्या लाटेत किती घरांतली माणसं दाता शोधत रात्रभर फोन करत होती, ते तुम्हीही पाहिलंय. पेपर छापून येणं आणि तो वाचला जाणं यातलं अंतर त्या घरांनी भोगलं.

६. आता आपला तालुका

हे सगळं लिहिण्याचं कारण जवळचं आहे. आयसीएमआरच्या मुंबईतल्या राष्ट्रीय पुनरुत्पादन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने सर्पदंशावरचा जो प्रकल्प आखला, त्यात महाराष्ट्रातले दोन तालुके आहेत: गडचिरोलीतलं अहेरी आणि आपलं शहापूर. आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, लोकांमध्ये जागृती, आणि त्याने काय बदलतं याचं मोजमाप. आराखडा अर्ध-प्रायोगिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत.

अशा आराखड्याचा निकाल वाचायची तयारी आत्ताच करा. जागृती वाढली की नोंदी वाढतात. आधी भगताकडे जाऊन तिथेच संपणारी केस आता आरोग्य केंद्रात येते. मग प्रशिक्षणानंतर सर्पदंश "वाढलेले" दिसतील! ते अपयश नसेल, यश असेल. पाऊस लांबला, लावणी पुढे गेली, तर दंशाचे आकडे तसेही हलतील. म्हणून केसची संख्या बघू नका. चावल्यापासून रुग्णालयात पोचायला किती वेळ लागला, प्रतिविष कुठे मिळालं, पहिल्यांदा कुठे नेलं, आणि किती जण दगावले, हे बघा.

आणि तुलना? माझ्या मते शेजारचं मुरबाड हा चांगला जोडीदार ठरू शकतो. तसेच डोंगर, तशीच भातशेती, तसेच पाडे. मुरबाडला प्रतिविष नाकारायचं नाही, फक्त त्याच काळातल्या नोंदी तितक्याच काळजीने ठेवायच्या आणि नंतर तेच प्रशिक्षण तिथेही न्यायचं. तुमच्यापैकी कोणी विषय शोधत असेल, तर हा घ्या. भातलावणीत पाय चिखलात असलेल्या माणसाला याचा उपयोग आहे.

पुढचा पेपर उघडाल तेव्हा गोषवाऱ्यावरून थेट पद्धतीच्या भागात जा. तुलनेच्या गटाला काय दिलं हे सांगणारं वाक्य शोधा, वहीत मराठीत उतरवा, आणि त्याखाली स्वतःला विचारा: त्या गटात मी किंवा माझ्या घरातलं कोणी असतं, तर मला हे चाललं असतं का? त्यानंतर पी-व्हॅल्यू बघा.

शंका असतील तर जरूर विचारा. पुढच्या वेळी समूहांचं रँडमायझेशन म्हणजे काय आणि त्यात सॅम्पल साइझ का फुगते, ते बघू.